घरचा कापूस

आमच्या घरात कापूस विकत आणत नाहीत. वेचणीच्या वेळी थोडा बाजूला काढायचा, सरकी काढून डब्यात भरायचा. वातीला, जखमेला, कानाला तोच. दुकानातली पुडी दिसली की सासूबाई विचारतात, "आपल्या वावरात काय गोटे पिकतेत?" म्हणून गेल्या उन्हाळ्यात माझी सात वर्षांची लेक विहिरीत पोहायला शिकायला निघाली, तेव्हा पाणी जाऊ नये म्हणून मी याच कापसाचे बोळे तिच्या कानात बसवले. घरी आल्यावर काढले. म्हणजे, काढले असं मला वाटत होतं.

आठवड्याभरात उजवा कान ठणकायला लागला. पाळीला हात लावू देईना, घास चावताना रडायची. गावातल्या डॉक्टरांनी थेंब दिले. फरक दिसेना म्हणून वणीला नेलं, तर तिथले म्हणाले, बुरशी दिसते, हे टाका. मेडिकलवाल्याने तिसरीच बाटली पुढे केली, आंबट वासाची. नणंदेने फोनवर लसणाचं तेल सुचवलं. ते तेवढं मी ऐकलं नाही, इतकीच माझी हुशारी.

मी शाळेत गणित शिकवते. तिन्ही बाटल्या खिडकीत मांडून मी वहीत तक्ता आखला: आग झाली का, झोपली का, जेवली का. पहिलीने आग नाही, पण गुणही नाही. दुसरीने एक दिवस जेवली, मग पुन्हा तेच. तिसरी टाकली की किंचाळायची. तिन्ही औषधं कानातून परत उशीवर वाहत होती. तेही मी लिहून ठेवलं, पण त्याचा अर्थ लावायचं सुचलं नाही. डोक्याचा पार भुगा झाला होता. मग एका दुपारी ती म्हणाली, "आई, या कानानं मले तुह्यं बोलनं आयकू येत नाही." मी वही मिटली, तिन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या आणि यवतमाळची एसटी पकडली.

कानाच्या डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं, चिमटा आत घातला आणि काळपट, फुगलेला बोळा बाहेर काढला. त्याला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, सुक्या पानाचा कण चिकटलेला होता. हा कापूस कुठला, त्यांनी विचारलं.

"घरचा," मी म्हणाले. सवयीने जरा अभिमानानेच म्हणाले. नंतर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पडदा शाबूत होता, ऐकू येईल म्हणाले. तिन्ही बाटल्यांतली पहिलीच त्यांनी उचलली. औषध बरोबर होतं, आत पोचत नव्हतं. मग दुसरीने एक दिवस बरं का वाटलं, हे मी विचारलं, तर म्हणाले, वाटतं कधी कधी. आणि कान आतून सुजला होता म्हणून त्यांनी त्याच औषधात भिजवलेली बारीक पट्टी कानात सरकवली. दोन दिवसांनी ती डॉक्टरच काढणार होते.

एसटीत लेकीने विचारलं, "तुह्यावाला कापूस काढला अन् त्यायनं त्यायचा भरला. काहून?" मी समजावलं. अर्धं मलाच समजलेलं नव्हतं.

घरी आल्यावर बाटली तळहातात धरून कोमट केली आणि तिच्या उशाशी बसले. तिने कानावर हात ठेवला.

"तू नको. बाबाले टाकू दे."

मी बाटली तिच्या बाबांच्या हातात दिली. किती थेंब, त्यांनी विचारलं. तीन, मी म्हणाले. मग खात्री वाटेना, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी उघडून पाहिली.