गेरूखालची नागीण

शरीरात कायमचा मुक्काम ठोकून बसलेल्या विषाणूंशी आपली रोगप्रतिकारक शक्ती कशी वागते, हा माझ्या नोकरीचा विषय. नागिणीच्या विषाणूची लागण उंदरांना नीट होत नाही, म्हणून त्याच्या एका जातभाईवर मी लखनौच्या एका संस्थेत डोकं फोडून घेत असते. आणि माझ्याच घरात, तेलीबागेत, आईला नागीण झाली तेव्हा ती मला सगळ्यात शेवटी कळली. आठवलं की अजून डोकं तापतं.

आई साताऱ्याची. बाबा गेल्यावर माझ्याकडे आली. पाठीत आग होते म्हणायची, मग वात आहे म्हणायची. ओट्यावर एका वाटीत गेरू भिजवलेला दिसला तेव्हा मला वाटलं, बाईसाहेब कुंड्या रंगवणार. इथे सगळे गेरूनेच रंगवतात. मी खूश होऊन लॅबला गेले.

मग एका सकाळी ती वाकडी होऊन भेंडी चिरत बसलेली. पदर सरकला आणि पाठीपासून पोटापर्यंत गेरूचा जाड पट्टा दिसला. त्याखाली फोडच फोड.

"आई, अगं नागीण आहे ही!"

"नाव घेऊ नकोस!" ती माझ्यावरच ओरडली. "घेतलंस ना नाव! आता पुढे सरकेल ती."

साताऱ्याच्या मावशीने व्हिडिओ कॉलवर सगळं साग्रसंगीत करून घेतलं होतं. दोन्ही टोकांना गेरूची रेघ मारायची, म्हणजे नागीण अडते. टोकाला टोक भिडलं की माणूस संपला. आणि ती उतरेपर्यंत घरात नाव काढायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं नाही. आमच्याकडे हे असंच चालतं, हे मला माहीत नाही का? पण ज्या घरात मुलगी विषाणूंच्या याच खानदानावर पीएचडी करून बसली आहे, तिथेसुद्धा?

दवाखान्यात नर्सने गेरू धुतला तेव्हा आई दात आवळून बसली. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "माताजी को पहले क्यों नहीं लाईं? ये दवा शुरू में ही ठीक से असर करती है." तरी गोळ्या दिल्या. मी शरमेने आणि रागाने लाल. ई-रिक्षात आईशी एक अक्षर बोलले नाही.

घरी आल्यावर मात्र बोलले, आणि नको इतकं बोलले. लहानपणी तुला कांजिण्या झाल्या, त्या बऱ्या झाल्या, पण विषाणू गेला नाही. तो मणक्याजवळ, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसला. टी-पेशी नावाच्या पेशी त्याच्यावर जन्मभर पहारा देतात. त्याला हाकलायला जावं तर मज्जातंतूच मरायचा, आणि तो काही परत उगवत नाही. म्हणून त्याला नुसता दाबून ठेवायचा. वय झालं की पहारा ढिला पडतो आणि तो त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. ती वाट शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून टोकं बहुधा जुळतच नाहीत. गेरूचा त्यात काडीचा संबंध नाही!

आईने सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे तो आत आहे हे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांच्यातच असतो गं. म्हणून तर लस घे म्हणून तुझ्या मागे लागले होते."

"ते राहू दे. पण आहे हे माहीत आहे आणि काढता येत नाही?"

"नाही."

"मग ताईला कशाला हसतेस? तीही अडवायलाच सांगत होती."

मला इतका संताप आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. उत्तर होतं माझ्याकडे, चांगलं लांबलचक. ते तिला पटलं नसतं, म्हणून जास्त चिडले.

फोड सुकले, खपल्या पडल्या, आग राहिली. कमरेला निऱ्या खोचणं तिला सोसेना. जन्मात साडीशिवाय उंबरा न ओलांडलेली ही बाई आता माझे ढगळ कुर्ते घालून घरात बसते. संध्याकाळी कॉलनीतल्या बायका फाटकातून हाका मारतात, "आंटी जी, आइए ना!" आई आतूनच म्हणते, "आज नहीं, कल." मी डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. त्या गोळ्यांनी तिला झोप येते, पण झोपेतही ती कण्हते.

परवा संस्थेत मी माझं काम मांडलं. उंदरांमधला विषाणू परत सुप्त झाला, पेशी जागेवर, संसर्ग आटोक्यात. बॉस खूश. घरी येऊन मी ते आईला सांगितलं, कारण मला ते कुणालातरी सांगायचं होतं.

ती खुर्चीत बसली होती, कुर्ता कमरेपाशी दोन बोटांनी अंगापासून लांब धरून.

"म्हणजे तुझ्या हिशेबाने मीही बरी झाले," ती म्हणाली.

"विषाणूपुरतं बोलायचं तर... हो."

"आणि तुझ्या त्या उंदरांचं? बरे झाल्यावर त्यांना दुखतं का गं?"

आम्ही विषाणू मोजतो, पेशी मोजतो. इतक्या वर्षांत हे कधी बघितलंच नव्हतं.

"माहीत नाही आई," मी म्हणाले.

तिने हात बदलला आणि कुर्ता दुसऱ्या हाताने धरला.