आज्याच्या पेटीवरचं पान

“सरितामॅडम, नोटेशनचं पान पुढच्या अंकापासून बंद.”

शेखरभाऊंनी हे सांगितलं तेव्हा मी तेच पान तपासत बसले होते. शेखरभाऊ आमच्या संगीत मासिकाचे मालक. पनवेलात खाली छापखाना, वर ऑफिस, आणि ऑफिसात आता आम्ही दोघंच.

नोटेशन म्हणजे गाणं कागदावर उतरवणं. शब्दांच्या डोक्यावर सा-रे-ग-म लिहायचं. पेटी शिकणारे ते बघून गाणं बसवायचे. माझी सगळी नोकरी यात गेली.

“का बंद?”

“वाचतंय कोण? मोबाइलवर बोट कुठे ठेवायचं तेसुद्धा दाखवतात. एसटी स्टँडचा स्टॉलवाला आपले गठ्ठे सोडतही नाही, तसेच परत देतो. त्या जागी करंजाड्याच्या बिल्डरची जाहिरात घेऊ.”

त्यांचं चुकत नव्हतं. पूर्वी लोक आमचं परीक्षण वाचून कॅसेट घ्यायचे. आता गाणं सकाळी येतं, दुपारपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि आम्ही महिन्याने सांगतो की ते चांगलं आहे. वरातीमागून घोडं. तरी राग यायचा तो आलाच.

त्याच दुपारी जवळच्या नेरे गावाहून एक म्हातारे आले. सोबत नात.

“बाय, सारेगम लिवते ती तूच का?” ते इतक्या जोरात बोलले की खालचा मशिनमन जिन्यात डोकावला.

नात ओशाळली. “सॉरी मॅडम, आज्याला अजिबात ऐकायला येत नाही. खडीच्या क्रशरवर कामाला होता ना, त्या आवाजाने.”

तिचं नाव रोशनी. आजा म्हणजे कान्हाबाबा गावच्या भजनात पेटी वाजवायचे. कान गेले तसं मंडळ सुटलं, पेटी सुटली नाही. आमचं पान समोर ठेवून ते घरी वाजवत. स्वर लिहिलेले दिसले की गाणं त्यांच्या मनात वाजायचं.

“हिनी गानं केलंय,” ते म्हणाले. “पलस्प्याच्या नाक्यावर सगली रिक्षावाली वाजवतात. मना सोडून सगल्यांनी ऐकलं. हिला पेटीवर मी शिकवली, आन् मनाच म्हाईत नाय पोर काय गाते. तू लिवून दे.”

ते हळदीचं गाणं होतं, खाली डीजेचा ठेका. आमच्या पानाने असल्या गाण्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. मीच पाहू दिलं नव्हतं.

“भाऊ, नोटेशनच्या शेवटच्या पानावर हे जाणार.”

“अहो, नाट्यगीत लावून झालंय.”

“मग काढा.”

शेखरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. “काढतो,” म्हणाले.

मी इअरफोन लावून लिहायला बसले. गाणं सोपं होतं, पण आवाज नुसता गुळगुळीत. स्टुडिओत सॉफ्टवेअरने हलणारा स्वर सरळ करतात, त्यातलाच प्रकार. मी रोशनीला म्हटलं, “मोबाइल ठेव बाजूला. तू गा.”

ती गायली. ध्रुवपदाच्या शेवटी रेकॉर्डिंगमध्ये सरळ ‘ग’ होता. हिने ‘म’ला स्पर्श केला, ‘रे’वर घसरली आणि मग ‘ग’वर आली.

“हे रेकॉर्डिंगमध्ये नाहीये.”

“त्यांनी काढलं. म्हणाले, आवाज हलतोय. मला सवयच आहे तशी.”

मी ते घसरणं छोट्या अक्षरांत लिहिलं. गाणं तिचं, स्टुडिओचं नव्हे.

अंक छापून झाल्यावर मी स्वतः नेऱ्याला गेले. कान्हाबाबांनी पान पेटीवर पसरलं, चष्मा पुसला आणि एकेक स्वर चाचपत वाजवायला घेतलं. ध्रुवपदाच्या शेवटी थांबले. मागे गेले. तेवढंच परत वाजवलं.

“रोशने, हे तू गाते?”

तिने मान हलवली.

“ही माझी जागा हाय. माझी बोटं अशीच घसरायची. भजनाचे बुवा रागवायचे मना.” त्यांचे डोळे भरून आले. “मना वाटलं, मोबाइलवाल्यांच्या नादानं इसरली असंल पोर.”

रोशनी गायलाच लागली. ते तिच्या ओठांकडे बघत साथ करत होते. हुंदका दाबायच्या नादात तिची लय वाढली, तसे ते ओरडले, “पलू नको!” मला रडता रडता हसू फुटलं.

पुढच्या अंकात त्या जागी बिल्डरची जाहिरात आली. पान कुठे गेलं म्हणून विचारायला एकही फोन आला नाही. ज्याने केला असता, त्याला फोन ऐकूच येत नाही.

रोशनीचं नवं गाणं झालं की ती आधी माझ्याकडे येऊन गाते. मी ते कान्हाबाबांसाठी हाताने उतरवून देते. एकच प्रत निघते. स्टॉलवरच्या गठ्ठ्यांसारखी ती प्रत परत येत नाही.