चाकू मिटायला कुणीतरी

काकांनी मला पहिल्यांदा हाक मारली ती चाकूसाठी.

मी वरच्या खोलीत नुकतीच राहायला आले होते. खाली त्यांचं दुकान. ट्रकच्या ताडपत्र्या, गाड्यांची कव्हरं, दुकानांपुढची छपरं. जाड कापडाचं काहीही तिथं शिवून मिळायचं. गल्लीत त्यांना सगळे ताडपत्रीकाका म्हणत. मी दिवसभर खोलीत बसून एका छापखान्याची मुद्रितं तपासायची आणि खालच्या मशीनची घरघर ऐकायची. त्या संध्याकाळी घरघर थांबली आणि जिन्याखालून हाक आली, "अगं वरची, जरा खाली येतेस का?"

माझं शिक्षण त्यांच्या कानावर आलं होतं, नाव मात्र माहीत नव्हतं. पुढे कळलं, तरी मी वरचीच राहिले.

खाली गेले. काकांच्या हातात उघडा चाकू होता. त्यांनी तो मुठीकडून माझ्यापुढे धरला आणि मिटून दे म्हणाले. खटक्याचा चाकू. पातं उघडलं की मुठीतली पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी येऊन बसते, म्हणजे पातं आपोआप मिटून बोटावर येत नाही. मिटायचं तर ती पट्टी अंगठ्याने बाजूला रेटायची. ही रेटली जात नव्हती. पात्याला घट्ट चिकटून बसली होती. मी दोन्ही अंगठे लावले, दात आवळले. काका शांतपणे बघत होते.

"साहित्यात एम. ए. ना तू?" ते म्हणाले. "मग जरा वेळ लागेल."

शेवटी पट्टी कट्कन सुटली. काकांनी चाकू शर्टाच्या खिशात टाकला, दिवा घालवला आणि शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. मग रोजच. मशीन थांबलं की मी आपणहून जिना उतरू लागले. चाकू मिटायला कितीसा वेळ लागणार? पण काका आधी चहा ठेवत, मग मला खिळ्याला टांगलेल्या कापडांचे प्रकार सांगत, मग शेजारच्या टायरवाल्याची नक्कल करत. चाकू अगदी शेवटी निघे.

त्यांच्या मशीनसमोर दुसरं एक मशीन होतं. दोन्ही तोंडासमोर तोंड करून मांडलेली, मध्ये कापड पसरायचं लांब फळकूट. दुसऱ्या मशीनवर निळं कव्हर होतं. कोपरे नेटके, काठाला दुहेरी टाके. काकांच्या हातचं ते काम नव्हतं. काकांचे टाके लांब पडतात, ते स्वतःच सांगत.

ते मशीन ताईचं. काकांची थोरली बहीण. मी तिला आत्या म्हणावं असं काकांनीच ठरवून टाकलं, ती समोर नसतानाच. लग्नानंतर काही वर्षांतच आत्याचा नवरा गेला. ती मुलाला घेऊन परत आली आणि वडिलांच्या दुकानात बसली. पुढे वडीलही गेले. तेव्हापासून बहीणभाऊ समोरासमोर. काकांनी लग्न केलं नाही. का, असं विचारल्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. दोनच ठिकाणी पाहायला गेलो. एकीला ताईने नाकारलं, दुसरीने ताईला नाकारलं.

दीड-दोन वर्षांपूर्वी आत्याच्या मुलाला जुळं झालं. तो दूरच्या शहरात नोकरीला. आत्या थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने आपल्या मशीनला कव्हर शिवलं. काका म्हणाले, मला तेव्हाच समजायला हवं होतं. थोड्या दिवसांसाठी जाणारा माणूस जुनी चादर टाकून जातो.

चाकूची गोष्ट त्यांनी एकदा दोरा ओवता ओवता सांगितली. लहान असताना त्यांनी वडिलांचा चाकू चोरून घेतला होता. साधा, खटका नसलेला. मिटताना पातं बोटावर आलं. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक गेलं. आत्याने आपल्या केसांची रिबीन सोडून बोट बांधलं आणि वडिलांना सांगितलं, चाकू माझ्या हातात होता. मार तिने खाल्ला. रात्री भावाला म्हणाली, आजपासून उघडायचं तू, मिटायचं मी.

तो नियम दोघं म्हातारे झाले तरी चालू होता. पुढे दुकानाला जरा बरे दिवस आल्यावर हा खटक्याचा चाकू आत्यानेच शोधून आणला. पातं निसटून बोटावर येऊ नये म्हणून. काका दिवसभर तो उघडा ठेवत, लाकडी ठोकळ्यात रोवून. दुकान बंद करायच्या वेळी आत्या आपल्या जागेवरून उठे, फळकुटाला वळसा घालून इकडे येई आणि चाकू मिटून भावाच्या खिशात टाके. येता येता त्याचा टाका बघे, नाक मुरडे, कॉलर नीट करे. पुढे खटका चिकटायला लागला, तरी तिचा अंगठा तयार होता. ती पट्टी तिलाच ऐके, असं काका म्हणत.

मला वाटलं, आपण यावर काहीतरी करावं. खटका का चिकटतो ते मी शोधून वाचलं. पट्टी आणि पातं जिथं भिडतात तिथं दोन्ही धातू एकमेकांना धरून ठेवतात. चाकू झटक्याने उघडला तर आणखी घट्ट. उपाय सोपा होता. तिथं मऊ पेन्सिल घासायची. शिशाची भुकटी मध्ये बसली की पट्टी सुटते. पेन्सिलींना माझ्याकडे तोटा नव्हता. एका संध्याकाळी मी पात्याचं बूड पुसलं, पेन्सिलीने काळं केलं, चाकू उघडला, मिटला. लोण्यासारखा चालला.

काकांनी तो हातात घेऊन पाहिला. छान झालं म्हणाले. चहा ठेवायला विसरले.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा हाक आली. चाकू पुन्हा चिकटला होता. मी पेन्सिल आणू का विचारलं. त्यांनी नको म्हटलं. आहेस ना तू, मीट.

मध्ये एकदा दुपारी ते माझं पत्र द्यायला वर आले होते. शर्टाच्या खिशातून मिटलेल्या चाकूची मूठ डोकावत होती. मी ती पाहिली. मनात काही आलं नाही.

मग भाच्याचा फोन आला. रविवारी येतो, आईला घेऊन. तिचं राहिलेलं सामान न्यायचंय, तिलाही सगळ्यांना भेटायचंय. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यातला सामानाचा भाग गाळून सांगितला. तो मला टायरवाल्याकडून कळला.

तो आठवडाभर काका वेगळेच होते. आत्याच्या मशीनचं कव्हर काढलं, झटकलं, घडी घातली. मशीनला तेल दिलं. नवी सुई बसवली. तिच्या स्टुलाचा डुगडुगणारा पाय ठोकून घेतला. एका भल्यामोठ्या ट्रकच्या ताडपत्रीचं काम त्यांनी अंगावर घेतलं. एका माणसाला धरता येणार नाही एवढी ती होती. अर्धी शिवून फळकुटावर पसरून ठेवली. दुसरं टोक आत्याच्या मशीनपर्यंत पोचत होतं.

रविवारी सकाळी मी खाली गेले तेव्हा ते पायरीवर बसले होते. थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने चाकूच्या पात्याचं बूड पुसत होते. फडक्यावर पेन्सिलीचा उरलासुरला काळा डाग उतरला होता. पुसून झाल्यावर त्यांनी चाकू झटक्याने उघडला. पट्टी खाडकन बसली.

मी विचारलं, हे काय चाललंय?

"असू दे," ते म्हणाले. नजर वर केली नाही. "तिला कळायला नको का, इथं काय अडतंय ते."

आत्या दुपारी आली. मी कल्पनेत तिला उंच केलं होतं. ती काकांच्या खांद्याइतकी होती, अंगावर जाड स्वेटर, पायात आजीबाईंचे लोकरी मोजे. दारातच तिने भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दाढी कुणासाठी ठेवलीस म्हणून विचारलं. काका हसले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला पुढे करून त्यांनी सांगितलं, ही वरची. आत्याने माझ्या गालाला हात लावला. बोटं पेरांपाशी सुजून वाकडी झाली होती.

ती आपल्या स्टुलावर बसली. मशीनवरून हात फिरवला. ताडपत्रीचं टोक उचललं, डोळ्यांजवळ नेलं.

"टाका लांब पडलाय."

"पडणारच," काका म्हणाले. "कुणी बघायला आहे का?"

भाचा माणूस चांगला होता. मामासाठी गरम जाकीट आणलं होतं. आईच्या पेटीतले कपडे, तिची जुनी कात्री, एक तसबीर, असं त्याने भरून गाडीत ठेवलं. मशीन न्यायचं का, असं त्याने विचारलं. आत्या म्हणाली, कशाला, तिथं ठेवणार कुठं. काकांनी ते ऐकलं. चेहरा उजळला. मशीन राहणार म्हणजे माणूस येणार, असा हिशेब त्यांनी मनात केला असावा. मी तरी तसाच केला.

मग भाचा घड्याळ बघू लागला. अंधाराच्या आत निघायला हवं होतं, घरी मुलं वाट पाहत होती. आत्या उठली.

काकांनी ठोकळ्यातून चाकू उपसला. ताडपत्रीच्या कडेचा लोंबणारा दोरा कापला. त्याची काही गरज नव्हती. चाकू मुठीकडून बहिणीपुढे धरला.

"ताई, हे जरा."

तिने तो घेतला. विचार न करता, सवयीने. फळकुटाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली. अंगठा पट्टीवर ठेवला आणि रेटला.

पट्टी हलली नाही.

तिने पुन्हा रेटलं. नख पांढरं पडलं. अंगठ्याचं पेर थरथरायला लागलं. तिने मूठ पोटाशी धरली, दुसरा अंगठाही लावला. भाचा म्हणाला, आई, दे मी करतो. तिने दिला नाही. माझा हात आपोआप पुढे झाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तो मागे घेतला.

बाहेर टायरवाल्याकडे हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. आत्या चाकूकडे बघत होती. ओळखीचं माणूस ओळख देईना म्हणजे बघावं, तशी.

काकांनी तिच्या हातातून चाकू हळूच काढून घेतला. उजव्या हातात धरला. एकाच अंगठ्याने पट्टी सारली, पहिल्या बोटाने पातं ढकललं आणि चाकू मिटला. त्याच हाताने खिशात टाकला. सगळं पापणी लवायच्या आत. नुकत्याच शिकलेल्या माणसाचा तो हात नव्हता.

मला रोजच्या माझ्या आवळलेल्या दातांची आठवण झाली.

आत्याने त्यांच्या खिशाकडे पाहिलं.

"कधीपासून येतं तुला?"

"झाली बरीच वर्षं."

"म्हणजे मी उगाच उठत होते रोज."

"उगाच नाही," काका म्हणाले.

तिने त्यांची कॉलर नीट केली. आधीच नीट होती ती. मग काका म्हणाले, आवाज अगदी साधा, गिऱ्हाइकाला कापडाचा भाव सांगावा तसा, "तू जा निवांत. माझं इथं काही अडत नाही."

ती गाडीत बसली. काच खाली करून मला म्हणाली, याला टाका जवळ घालायला सांगत जा. गाडी वळणापर्यंत दिसली. काका पायरीवरून उतरले नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांनी हाक मारली नाही. मी जिन्यात उभी राहून शटर ओढल्याचा आवाज ऐकला.

तेव्हापासून मी विचार करतेय. पदवीच्या वर्षांत माणसांच्या मनाबद्दल मी पुष्कळ वाचलं, परीक्षेत लिहिलं, गुण मिळवले. एक माणूस रोज संध्याकाळी बहिणीला चार पावलं चालायला लावण्यासाठी इतकी वर्षं आपला अंगठा लपवून ठेवतो, याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही. आणि मग तिच्यासमोरच तो अंगठा बाहेर काढतो, तिला जाता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मशीन उशिरापर्यंत चालू होतं. एकट्याने ती ताडपत्री ओढताना काकांची दमछाक वरपर्यंत ऐकू येत होती. मशीन थांबलं. मी थांबले. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, आता हाक येणार नाही. मी पेन्सिल खिशात टाकली आणि न बोलावता खाली उतरले.

निळं कव्हर पुन्हा मशीनवर चढलं होतं. कोपरे नीट बसले नव्हते. शेगडीवर चहा होता, कप दोन. काका माझ्याकडे पाठ करून दोऱ्याची रिळं लावत होते. चाकू आत्याच्या मशीनवर होता, त्या निळ्या कव्हरावर. उघडा.

मी पेन्सिल काढली. ती त्यांनी पाहिली आणि मान हलवली.

"राहू दे," ते म्हणाले. "तसाच मीट."

मी दोन्ही अंगठे लावले.