थोरल्या मामांच्या दुधातले पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी कान्हे गावच्या माझ्या थोरल्या मामांचे नाव घेईन. आणि सबंध मावळात सर्वांत हट्टी माणूस कोण, असे विचारले तरी मला दुसरे नाव सुचणार नाही. मामा म्हशी पाळीत आणि दूध विकीत. पण दूध विकणे हे त्यांचे खरे काम नव्हेच. आपल्या दुधात पाणी नाही हे जगाला सांगणे, हे त्यांचे खरे काम. दूध हे त्याचे निमित्त.

पहाटे धारा काढून, पितळी किटली डोक्यावर घेऊन ते कान्ह्याहून कामशेत स्टेशनपर्यंत चालत जात आणि लोणावळ्याची गाडी धरीत. गाडीची वाट पाहणाऱ्या लोकांनी काही विचारलेले नसे. तरी मामा किटली खाली ठेवून सुरू करीत, "कार्ल्याच्या आईची आन हाय! मिसरूड फुटल्यापास्नं ह्या हातानं दुधात पान्याचा थेंब पडला न्हाई!" कोणी मान डोलवली नाही तर त्याच्या अंगठ्याच्या नखावर ते दुधाचा थेंब ठेवीत. निर्भेळ दुधाचा थेंब नखावर मोत्यासारखा बसून राहतो, पाणी घातलेल्या दुधाचा ओघळतो. लोणावळ्याच्या बंगल्यांतून त्यांनी पारशी बायकांपासून खानसाम्यांपर्यंत सगळ्यांना हा थेंब धरायला लावला होता. एकदा दूध तपासणारा एक कारकून काचेची नळी घेऊन आला. मामांनी त्याला दूध दिले, पण नळीकडे संशयाने पाहत विचारले, "ही नळी दुधाला तपासती. मग हिला कोन तपासतं?" कारकुनाने नळी खिशात घातली. त्याच्याही नखावर थेंब बसला.

पावसाळ्यात तर त्यांना पाहायला माणसे थांबत. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे आभाळाने हंडे उपडे करावेत तसा. त्या पावसात मामा किटली डोक्यावरून उतरवून हातात घेत, छत्री खाली तिच्यावर धरीत आणि स्वतः नखशिखांत भिजत चालत. पळसाची पाने, त्यावर फडके, त्यावर झाकण, आणि त्यावर छत्री. कोणी म्हणे, "आबा, छत्री डोस्क्यावर धरा की!" मामा म्हणत, "डोस्कं इकायचं न्हाई मला. दूध इकायचंय." चहासुद्धा ते गुळाचा, कोरा पीत. चहाच्या पातेल्यात शेवटी दुधाला पाणी भेटतेच, आणि ती भेट त्यांना डोळ्यांदेखत नको असे.

अशा माणसाने मला वाढवले. वडील गेल्यावर आई मला घेऊन भावाकडे आली, तेव्हा मी पाटी धरायच्या वयाचा होतो. मामींनी कधी हात आखडता घेतला नाही आणि मामांनी माझ्या हातात कधी कासरा दिला नाही. "तू म्हशीमागं गेलास तर माझं दूध वाया गेलं," असे ते म्हणत. मी पुण्याला कॉलेजात असताना म्हैस व्याली की खरवसाचा डबा घेऊन ते स्वतः येत आणि वसतिगृहाच्या दारात उभे राहून माझ्या मित्रांना सांगत, "ह्याच्या टकुऱ्यात विंग्रजी शिरलं ते माझ्या म्हशीच्या दुधानं." मी घराण्यातला पहिला पदवीधर. पण माझी पदवी मामांनी माझ्यापेक्षा जास्त वापरली. लोणावळ्याच्या शाळेत मला नोकरी लागली आणि भर बाजारात, विद्यार्थ्यांच्या देखत, लांबून हाक येऊ लागली, "ए बीए! दूध प्यालास का रं?" मी मान खाली घालून भराभर चालू लागे. लाज वाटे, आणि लाज वाटते याची आणखी लाज वाटे.

खरी लाज मात्र पुढेच होती. आमची शकू झाली आणि पाठोपाठ पत्नीला विषमज्वर झाला. त्यात तिचे अंगावरचे दूध आटले. डॉक्टरांनी पोरीला डब्यातल्या भुकटीचे दूध लावून दिले. शकू त्यावर बाळसे धरू लागली, आणि मी डबे लपवू लागलो. ज्या घरच्या दुधावर मी बी.ए. झालो, त्या घरची नात विलायती भुकटीवर वाढते, हे मामांना कोणत्या तोंडाने सांगणार? मामा बंगल्यांचा रतीब घालून शेवटी आमच्याकडे येत आणि शकूसाठी म्हणून तळाचे साईचे दूध ठेवून जात. ते आम्ही दोघे पीत असू. त्या वर्षी माझे गाल वर आले ते त्यामुळे.

पण शकू रांगू लागली. एके दिवशी कॉटखालून रिकामा डबा तिने बाहेर काढला आणि मामांसमोर बसून चमच्याने बडवू लागली. मामांनी डबा हातात घेतला, उलटा केला, आत नाक घालून हुंगले. 

"ह्यात काय आसतं रं?"

"दूध असतं, मामा. म्हणजे... दुधाची पूड."

"कुटल्या म्हशीची?"

"ते... ते परदेशातून येतं."

मामांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "दुधाची रांगोळी करून पाजता व्हय पोरीला?" आणि हसले. रागावले असते तर बरे झाले असते.

शकू सव्वा वर्षाची होण्याच्या सुमारास लढाईमुळे डबे मिळेनासे झाले. बाजारातला बोहरी दुकानदार रोज हात जोडून म्हणे, "मास्तर, जहाजच येत नाही, मी कुठून आणू?" घरात एकच डबा उरला, तोही अर्धा. आता शकूने म्हशीचे दूध प्यायलाच हवे होते, आणि शकू पीत नव्हती. वाटी तोंडाशी नेली की ओठ मिटून घेई. मामांना हे कळताच त्यांनी मोहीम हाती घेतली. बाटलीवर त्यांचा पहिला राग होता. म्हणून आई बाळंतपणाला माहेरी आली असताना मला ज्याने दूध पाजले, ते पितळी चोचीचे बोंडले त्यांनी चिंचेने घासून आणले. शकूने त्या चोचीतून एक घोट घेतला, तोंड वेडेवाकडे केले आणि तो घोट मामांच्या पागोट्यावर परत केला. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः तिच्यासमोर बसून, मिशा पांढऱ्या करीत, मिटक्या मारीत दूध प्याले. शकूने टाळ्या वाजवल्या, पण प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओरडून म्हैस होऊन दाखवले. समोरच्या घरातून आमचे हेडमास्तर खिडकीत आले आणि माझ्याकडे पाहून त्यांनी खिडकी लावून घेतली.

चौथ्या दिवशी भुकेने कासावीस होऊन तिने ते घट्ट दूध पोटभर घेतले, आणि दोन दिवस तिचे पोट वाहत राहिले. डॉक्टर मला म्हणाले, "मास्तर, एवढं जड दूध एवढ्या पोरीला झेपायचं नाही. साय काढा, अर्धं पाणी घालून उकळा, आणि आहे त्या भुकटीत थोडं थोडं मिसळत चला. पाणी हळूहळू कमी करा."

घरी येऊन मी हे पत्नीला सांगितले. पत्नी म्हणाली, "तुम्ही सांगा मामांना."

"तू सांग ना. तुझ्यावर ते रागावणार नाहीत."

"मामा तुमचे आहेत."

"मग बाजारातल्या गवळ्याचं दूध लावू या का?"

"त्यात डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्तच पाणी असतं," ती म्हणाली, "पण ते कुठल्या ओढ्याचं, ते कोण सांगणार?"

शेवटी कोणीच मामांना काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधीच तिने आदल्या दिवसाच्या दुधात पाणी घालून, उकळून, वाटी तयार ठेवली. मामा आले, शकूला मांडीवर घेतले, वाटी उचलली, आणि सवयीने त्यांचे बोट वाटीत गेले. थेंब नखावरून ओघळून मनगटापर्यंत गेला.

"कुनी घातलं?"

मी पदवीधर. शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवणारा. मी जमिनीकडे पाहत राहिलो. पत्नी पुढे आली. "मी घातलं, मामा. डॉक्टरांनी सांगितलंय." मग तिने शेवटचा डबा आणून त्यांच्यासमोर कलता केला. तळाशी चार-सहा चमचे भुकटी तेवढी उरली होती.

 शकूने त्यांच्या मिशीकडे हात उचलला, आणि तिच्या मनगटात एरवी घट्ट बसणारे बारशाचे कडे सरकत कोपरापर्यंत गेले. मामा त्या कड्याकडे पाहत राहिले. त्यांनी ते दोन बोटांनी धरून हळूच मनगटापर्यंत खाली आणले. ते पुन्हा कोपरापर्यंत गेले.

तेव्हा माझ्या बुद्धीला पालवी फुटली. मी म्हणालो, "मामा, असं करू. आधी वाटीत पाणी घेऊ आणि त्यात दूध घालू. म्हणजे दुधात पाणी घातलं असं होणार नाही. तुमची शपथ राहील."

मामांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "लय शिकलास, बीए," ते म्हणाले. "कार्ल्याच्या आईला फशीवता येतं व्हय रं? सूनबाई, पानी आन हिकडं."

त्यांनी पागोटे काढून बाजूला ठेवले. हात धुतले. उकळलेल्या पाण्याचे भांडे घेतले. "किती?"

"अर्धं, मामा," पत्नी म्हणाली. "राहू द्या, मी घालते."

"न्हाई. ह्यो हात माझा हाय, आन बोलबी माझाच हुता. पाप वाटून घ्यायचं नसतं." आणि आपल्याच किटलीतले, तापवून साय काढलेले दूध वाटीत घेऊन त्यात त्यांनी पाणी ओतले. तोंड फिरवले नाही, डोळे मिटले नाहीत. दोन चमचे भुकटी पत्नीने त्यात ढवळली. शकूने वास घेतला, ओळखीचा वाटला असावा, आणि अर्धी वाटी प्यायली. आम्ही दोघे हसलो. मामा हसले नाहीत. निघताना दारात मला हळूच म्हणाले, "ह्ये कामशेतात बोलू नगंस."

पुढे रोज ते येत, हात धुवून स्वतः पाणी घालीत आणि दुसऱ्या कोणाला भांड्याला शिवू देत नसत. भुकटी संपली. पाणी चमच्या-चमच्याने कमी होत गेले. दिवाळीच्या सुमारास शकू निव्वळ दूध गटागटा पिऊन पेला पुढे करू लागली. आमचे काम झाले. पण कामशेतच्या स्टेशनवर मामा गप्प उभे राहू लागले. शपथ नाही, आरोळी नाही, नखावरचा थेंब नाही. बंगल्यातल्या एका बाईंनी आपणहून अंगठा पुढे केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाईसाहेब." एकदा मी धीर करून विचारले, तर म्हणाले, "दूध तेच हाय रं. पर आता कंच्या तोंडानं आन घिऊ?" भर बाजारात हाका मारणेही त्यांनी कमी केले. ज्या आवाजाने मी इतकी वर्षे शरमून जात होतो, तो आवाज माझ्या घरापायी गेला होता, आणि मी तो परत देऊ शकत नव्हतो.

पुढे मला साताऱ्याच्या शाळेत जागा मिळाली. आई कान्ह्यालाच राहिली. मामांना वाचता येत नाही. माझी पत्रे गावच्या शाळेतले मास्तर ओटीवर बसून, चार माणसांत, मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून परवा पत्र लिहिले ते जपून लिहिले:

"ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. शकू आता शाळेत जाते आणि रोज सकाळी तांब्याभर दूध पिते. सौ.ला दिवस गेले आहेत. तिला माहेर नाही, म्हणून बाळंतपणाला तिला आपल्या घरी कान्ह्यास आणीत आहे. आई आहेच. अंगावरचे दूध पुरले तर उत्तम. न पुरले, तर दूध आपल्या म्हशीचे. शकूच्या वेळी एक काम तुम्ही रोज हात धुवून स्वतः करत होता आणि दुसऱ्या कोणाला करू देत नव्हता. मामा, या वेळी ते काम मी करीन. तुम्ही भांड्याला हात लावायचा नाही. तुम्ही फक्त बाळाला मांडीवर घेऊन बसा."