केबलवर गुंडाळलेली ट्यूब
सायकलच्या तापलेल्या ट्यूबचा वास आला की एरंडोलजवळचं ते शेत आठवतं. आम्हाला जमीन नव्हती. वडील दुसऱ्याच्या मळ्यात पाणी भरायचे आणि विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत आमचा संसार होता. विहिरीवरच्या मोटारीच्या लोखंडी पेटीत केबल शिरते तिथे तिला आवळून धरणारं ग्लँड असतं. आमचं ग्लँड केबलपेक्षा मोठं होतं, म्हणून वडिलांनी केबलवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ते कसंबसं आवळलं. उन्हानं ट्यूब सैल पडली, मोटारीच्या हादऱ्यांनी केबल सरकू लागली आणि लोखंडी कडेवर तिचं आवरण घासून आतली तार पेटीला टेकू लागली. “पेटीले हात लावू नका, मुंग्या येतस,” आई म्हणाली. सगळेच असं करतात म्हणून वडील हसले. “बठ्ठं गाव टूबच गुंडाळस. आनि मना हात राठ शेतस, माले काही व्हत नही.” दुसऱ्या सकाळी चिखलात अनवाणी उभं राहून त्यांनी पेटी उघडली. आईनं वाळक्या काठीनं त्यांना बाजूला ढकललं, तोवर सगळं संपलं होतं. पुढे आईनं लोकांच्या शेतातलं तण काढत, निंदणी करून मला शिकवलं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. आज धुळ्याच्या कारखान्यात केबलची जाडी मी स्वतः मोजते आणि मगच ग्लँड निवडते. माझ्या हाताखालच्या एकाही पेटीत ट्यूब सापडणार नाही.