वहिनींनी न सांगितलेला पत्ता

आमच्या सुवर्णावहिनींच्या पोटात काही राहत नाही. हा दोष म्हणून लिहीत नाही. अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावात निम्म्या मराठी घरांचं त्यावरच चालतं. ओक ट्री रोडवर आज कुठे अळूची पानं आलीत, कोणाच्या मुलाला कुठे नोकरी लागली, कोणता डेंटिस्ट दुखवत नाही, सगळं वहिनींकडून कळतं. माझा मोठा भाऊ राजीव जेवताना नुसती मान हलवतो. 'हो' म्हणायला फट सापडत नाही, असं त्याचं म्हणणं.

अशा बाईवर गुपित सांभाळायची वेळ आली, ती हकलबेरीमुळे.

वहिनींची मुलगी इशिता लग्न होऊन मोंटानाला गेली. तिच्या सासूबाई पेगी, जन्मभर शाळेची बस चालवलेली, मोजकं बोलणारी बाई. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वहिनी लेकीकडे गेल्या, तेव्हा पेगी त्यांना डोंगरात हकलबेरी तोडायला घेऊन गेली. हकलबेरी म्हणजे करवंदाची धाकटी बहीण समजा. जांभळी, आंबटगोड, बुटक्या झुडपावर येणारी. पण नखरे फार. उंच डोंगरावर, फर आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात, जिथे बर्फ उशिरापर्यंत रेंगाळतं आणि झाडांमधून थोडं ऊन खाली येतं, तिथेच ती खुशीत असते. परसात लावा, खत घाला, लाड करा, बाईसाहेब रुसलेल्याच. म्हणून तिकडच्या घराघरांच्या जंगलातल्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या कोणी कोणाला सांगत नाही. पेगीची जागा तिच्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नाही.

मग वहिनींना का नेलं? अस्वलांसाठी. त्यांनाही हकलबेरी आवडते, पण माणसांचा आवाज आला की ती सहसा बाजूला होतात. म्हणून तोडताना सतत बोलत राहावं लागतं.

"आई, यू आर परफेक्ट फॉर धिस," इशिता म्हणाली.

वहिनी दिवसभर बोलल्या. एक अस्वल फिरकलं नाही. खाली उतरल्यावर पेगीने एकच अट घातली: जागा कोणाला सांगायची नाही. सांगितली तर पुढच्या वर्षी नेणार नाही.

"अहो भाऊजी," परत आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "अख्ख्या अमेरिकेत ती एकच जागा आहे, जिथे मला कोणी 'आता पुरे' म्हणत नाही. मला पुन्हा जायचंच आहे."

पण सोबत हकलबेरीचा साखरांबा आणला होता, वेलदोडा घालून. तो ज्याने चाखला, त्याने पत्ता विचारला. वहिनी विषय बदलायच्या, खोकायच्या, चालू गप्पांतून उठून जायच्या. दिवाळीपर्यंत त्यांचं वजन उतरलं. शेवटी शेजारच्या अस्मिताच्या घरी फराळाला बांध फुटला.

"काकू, सांगा ना यार! मोंटानात नक्की कुठे?" अस्मिताने विचारलं.

"सांगते. पण तुमच्यातच ठेवा."

सगळ्यांनी चिवड्याच्या बश्या खाली ठेवून फोनवर नकाशे उघडले.

"पेगीताईंच्या घरून निघालो. मी त्यांना इशिताच्या बारशाचं सांगत होते. बारसं संपलं तेव्हा डांबरी रस्ताही संपला. मग आमच्या ह्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन आलं, तिथे डावीकडे वळलो. नाही, उजवीकडे. मग एक झाड लागलं."

"कसलं?"

"उंच."

"आणि मग?"

"मग त्याच्या शेजारी दुसरं."

नकाशे एकेक करून बंद झाले. वहिनींना मात्र रडू फुटलं. वचन मोडलं ते मोडलंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेगीला फोन करून सगळं कबूल केलं. पेगी इतकी हसली, की इशिताला वाटलं सासूबाईंना ठसका लागला. तू रस्ता बघितलाच नाहीस हे मला माहीत होतं, म्हणूनच नेलं, ऑगस्टमध्ये ये, असं पेगीने सांगितलं.

वहिनींना आधी हायसं वाटलं. चहा होईपर्यंत राग आला.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हताच! आता बघाच. येत्या ऑगस्टमध्ये रस्ता पाठ करते आणि मग कोणाला न सांगून दाखवते."

या ऑगस्टमध्ये राजीवचा गुडघा धरला म्हणून सोबतीला मी गेलो. वहिनी पुढच्या सीटवर ओठ मिटून खिडकीबाहेर बघत होत्या. पेगीने काळजीने विचारलं, "सुवर्णा, आर यू सिक?" वहिनींनी फक्त मान हलवली. वर पोचल्यावरही त्या बेरी तोडत मनातल्या मनात वळणं घोकत होत्या. जंगलात इतकी शांतता झाली, की मलाच भीती वाटायला लागली.

"टॉक," पेगी म्हणाली.

"थांबा हो पेगीताई, तिसरं वळण निसटेल."

तेवढ्यात समोरच्या झुडपामागून अस्वल उभं राहिलं. तोंड सगळं जांभळं.

"सुवर्णा," पेगी अगदी हळू म्हणाली, "टॉक. नाऊ."

"काय रे ए!" वहिनी सुटल्या. "बायका तोडतायत आणि तू मध्ये येतोस? तोंड बघ कसं माखलंय! एवढं आंबट खाऊन पित्त होतं, माहितीये? आमच्या ह्यांना झालं होतं. सुरुवातीला नुसतं पोट दुखायचं, मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले..."

अस्वलाने थोडा वेळ ऐकून घेतलं. ऑपरेशन सुरू व्हायच्या आत ते वळलं आणि झाडांत दिसेनासं झालं. राजीवला ही सोय नाही.

त्यानंतर वहिनी थांबल्या त्या थेट पेगीच्या अंगणात. गाडीतून उतरताना एकदम कपाळावर हात मारला.

"भाऊजी! रस्ता!"

पेगीने पुन्हा ठसका लागेपर्यंत हसून घेतलं आणि बेरीची मोठी बादली वहिनींच्या हातात दिली. "नेक्स्ट इयर," ती म्हणाली. "आय ड्राइव्ह. यू टॉक."

आता एडिसनमध्ये पत्ता कोणी विचारत नाही. सगळ्यांना अस्वल ऐकायचं असतं, आणि ते दर खेपेला थोडं वाढतं. रस्ता मी मागच्या सीटवरून नीट बघितला होता. मला पाठ आहे. पण मला कोणी विचारलेलं नाही, आणि वहिनी अजून अस्वलापर्यंतच पोचल्यात.