काशीच्या हद्दीबाहेरची गावं

आमचे हे आम्हा दोघांच्या पासपोर्टचे अर्ज भरत बसले होते, आणि त्याच आठवड्यात मी मरेपर्यंत काशीबाहेर पाऊल न टाकण्याचा संकल्प करून आले. असा गाढवपणा विसाव्या वर्षी केला असता तर अल्लडपणा म्हणून खपला असता. मी अठ्ठावन्न वर्षांची होते.

क्षेत्रसंन्यास म्हणतात त्याला. ओंजळीत पाणी घ्यायचं, गुरुजी म्हणतील ते मागोमाग म्हणायचं, पाणी सोडायचं. मग काशीची हद्द ओलांडायची नाही, म्हणजे मरण इथेच येतं आणि पुढचं सगळं परस्पर मार्गी लागतं. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तो घेतला तेव्हा गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका त्यांच्या पाया पडल्या. मी मागे नारळाचं ताट धरून उभी होते. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. एवढंच कारण. वैराग्य असतं तर चार महिन्यांनी मी नवी कोरी साडी नेसून अमृतराव घाटावर गेले नसते, आणि पाणी सोडताना कोण कोण बघतंय हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासलं नसतं.

हे भूगोलाचे मास्तर. त्यांना नाद होता तो कुणी जात नाही अशा जागांचा. जिथे सगळे जातात तिथे त्यांना जायचं नव्हतं. "गर्दीच बघायची तर दशाश्वमेधला फुकट आहे," म्हणायचे. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर कात्रणं चिकटवलेली असत. सोकोत्रा नावाच्या बेटावर छत्रीसारखी झाडं आहेत, त्यांना चीर दिली की लाल चीक येतो. मेघालयात एक गाव आहे, तिथे आई प्रत्येक मुलासाठी एक सूर तयार करते आणि त्याच सुराने त्याला हाक मारते. हे मला रोज जेवताना ऐकवायचे आणि मी विचारायची, भाजी कशी झालीय.

सगळ्यात लाडकं गाव होतं बार्ले. अर्धं बेल्जियमचं, अर्धं हॉलंडचं, आणि तेही सरळ कापलेलं नाही, फाटलेल्या कागदासारखं एकमेकांत शिरलेलं. सरहद्द रस्त्यावर पांढऱ्या फुल्या काढून दाखवलेली, आणि त्या फुल्या चालत चालत लोकांच्या घरात शिरतात. घराचा पुढचा दरवाजा ज्या देशात, ते घर त्या देशाचं. "तिथे आपण एका खोलीत बसू," हे म्हणायचे, "तू बेल्जियममधून भांड, मी हॉलंडमधून ऐकतो."

मला वाटलं, हा माणूस तीस वर्षं बसल्या जागी फिरतोय, आता काय उठणार? पासपोर्टचा अर्ज म्हणजे मी आणखी एक कात्रणच धरलं होतं.

प्रसाद हातावर ठेवत मी बातमी सांगितली. कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

"कायमचा?" त्यांनी विचारलं.

"संन्यास कधी आठवड्याचा असतो का?"

"बरं," म्हणाले, आणि प्रसाद खाल्ला. मग कपाटातून नकाशा काढला, हद्द कुठून कुठे जाते ती पेन्सिलीने आखली, चष्मा वर करून बघत राहिले. "विमानतळ बाहेर पडतो," म्हणाले. बस, एवढंच. शाळेत पोरांना तास तास झापणारा माणूस.

मी मोठ्या मनाने म्हटलं, "अहो, तुम्ही जाऊन या की एकटे."

"एकटा जाऊन काय करू? एका वेळी एकाच देशात उभा राहणार मी."

त्यानंतर एकदाच त्यांनी विषय काढला, तोही तोंडाने नाही. दुपारी मी डोळा लावून उठले तर उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत खडूच्या फुल्या. हे पलीकडे खुर्ची टाकून बसलेले. "मॅडम, चहा एक्स्पोर्ट करता का?" संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. मी फडकं ओलं करून सगळं पुसून काढलं. एक फुली खुर्चीखाली होती, तर त्यांना म्हटलं, पाय उचला. त्यांनी उचलले.

अशी पंधरा वर्षं गेली. दर मंगळवारी सकाळी सातला हे ई-रिक्शाने गंगेचा पूल ओलांडून रामनगरला जायचे. तिथे त्यांचे एक मित्र राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे भिंतीएवढा टीव्ही, त्यावर इंटरनेट. दोघं म्हातारे त्यावर जगातल्या गल्ल्या फिरायचे. दुपारी घरी आले की मी मेथी निवडत विचारायची, "आज कुठे?" आणि ते सांगायचे. ऐकल्यासारखी मी मान हलवत असे. ऐकत होते की नाही, आता आठवत नाही.

मागच्या फाल्गुनात, मंगळवारीच, साडेआठला त्या मित्राचा फोन आला. "भाभीजी, घबराइए मत. छाती में दर्द उठा था, पास के नर्सिंग होम में ले आए हैं. होश में हैं. आपको पूछ रहे हैं."

मुलगा-सून लखनौला असतात. नात शिकायला माझ्याकडे आहे. तिने स्कूटीची चावी उचलली.

"आजी, चलो."

"मला नाही येता येत."

"क्या मतलब, 'नाही येता येत'?"

"रामनगर हद्दीबाहेर आहे. गुरुजींना विचारते, मग येते. तू हो पुढे."

ती पायात चपला सरकवून गेली. काही बोलली असती तर मीही काही बोलले असते.

गुरुजींचा फोन लागेना, म्हणून शेजारच्या पोराकडून निरोप धाडला. सांगलीचे यात्रेकरू आले होते, त्यांचं श्राद्ध चाललं होतं घाटावर. मी जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आधी भावजींना अलीकडे आणा म्हणावं. तिकडे मेलं तर गाढवाचा जन्म येतो, माहीत नाही का? आणि तू हलू नकोस हं, इतक्या वर्षांचं एका दिवसात घालवशील." मग मी पायरीवर बसून राहिले. चपला घातलेल्या होत्या. समोरच्या घरातली बाई गच्चीवर बटाट्याचे पापड वाळत घालत होती. तिची पूर्ण चादर भरली तोवर मी बघत होते.

साडेअकरा वाजून गेल्यावर गुरुजी आले, ओल्या धोतराने, हातात पितळी तांब्या.

"काकू, एवढ्यासाठी थांबलात? अहो, जा की! परत आलात की प्रायश्चित्त घेऊ. अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाचं. मला तेव्हा राग यायला हवा होता, त्यांचा, जाऊबाईंचा, निदान स्वतःचा. नाही आला. मी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि नाक्यावर ई-रिक्शा केली. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. रिक्शावाला कुणाला तरी शिव्या देत होता. पंधरा वर्षांनी मी गंगेच्या पलीकडे उतरणार होते, तर पूल संपताना आत काहीतरी हलेल असं वाटलं होतं. एक खड्डा लागला. प्रायश्चित्त मी अजून घेतलेलं नाही. गुरुजी भेटले की आठवण करतात, मी हो हो म्हणते.

नर्सिंग होमच्या व्हरांड्यात नात बाकावर बसली होती. मांडीवर ह्यांचा चष्मा आणि घड्याळ. मित्र दाराशी उभे होते, मला बघून त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली. ह्यांना जाऊन पाऊण तास झाला होता.

आत जाऊन मी बघून आले. मोजे दोन वेगवेगळे घातले होते, सकाळी माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाहेर येऊन नातीच्या शेजारी बसले. इथे चहा मिळतो का, असं मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही, मला नको होता. त्या दिवशी कुठल्या गावी गेले होते, हेही मित्रांना विचारायचं राहिलं, आणि अजून विचारलेलं नाही.

नात माझ्याशी एरवी हिंदीतच बोलते. तेव्हा मराठीत बोलली, हळू, समोर बघत.

"आजी, आजोबा सारखे विचारत होते, पूल बंद आहे का. मी हो म्हटलं."